एकट्याने का जाऊ देत नाहीत? सहारातलं तासिली नाज्जेर समजून घेताना

अल्जीरियाच्या आग्नेय कोपऱ्यात, लिबिया आणि नायजर या देशांच्या सीमांना टेकलेलं तासिली नाज्जेर नावाचं पठार आहे. तिथे जायचं मनात आलं की पहिलाच नियम समोर येतो: परवाना असलेली एजन्सी आणि स्थानिक वाटाड्या सोबत असल्याशिवाय पठारावर पाऊल टाकता येत नाही. तुमच्याकडे स्वतःची गाडी असो, जीपीएस असो की हिमालयातल्या ट्रेकचा अनुभव असो, उत्तर तेच. मग बाकीचे नियम येतात. चित्रांना हात लावायचा नाही. त्यांच्यावर पाणी मारायचं नाही. जमिनीवरचा दगड उचलायचा नाही. झाड तोडायचं नाही. ड्रोन आणायचा नाही.

अशा याद्या आपण सहसा वाचत नाही. सरकारी खात्याची हौस म्हणून सोडून देतो. तासिलीच्या बाबतीत मात्र यादीतल्या जवळजवळ प्रत्येक ओळीमागे काहीतरी घडलेलं आहे: कधी हजारो वर्षांपूर्वी, कधी अगदी परवा. ती कारणं कळली की ही जागा काय आहे तेही आपोआप कळतं. म्हणून हॉटेल आणि जेवणाच्या गोष्टी शेवटी. आधी कारणं.

जागतिक वारसा यादीत तासिलीचं क्षेत्रफळ ७२,००० चौरस किलोमीटर असं दिलेलं आहे. महाराष्ट्राचा जवळपास चौथा हिस्सा. १९७२ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं, १९८२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं (निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही कारणांसाठी, आणि हे फार थोड्या जागांच्या वाट्याला येतं) आणि १९८६ साली त्याला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. १९९८ मध्ये अल्जीरियाने वारशासाठी नवा कायदा केला आणि त्यात ‘सांस्कृतिक उद्यान’ असा एक वेगळाच वर्ग तयार केला. आज त्या देशात अशी पाच उद्यानं आहेत. तासिली त्यातलं एक, शेजारच्या हॉगार पर्वतातलं अहग्गार दुसरं.

हा वर्ग आपल्याला थोडा अनोळखी आहे. आपल्याकडे अभयारण्य वेगळं, पुरातत्त्व खात्याचं स्मारक वेगळं. एकाचा कारभार वन खात्याकडे, दुसऱ्याचा भलतीकडेच. तासिलीत डोंगर, झाडं, चित्रं, पाणवठे आणि तिथली माणसं हे सगळं मिळून एकच वारसा धरलेला आहे. गावं उद्यानाच्या आतच आहेत. जानेत हे मुख्य गावही. व्याघ्र प्रकल्पासाठी गावं उठवल्याचे अनुभव आपल्या गाठीशी असल्यामुळे मला ही मांडणी जास्त शहाणपणाची वाटते. अर्थात अंमलबजावणी दर वेळी कागदाबरहुकूम होते असं नाही. एवढ्या मोठ्या प्रदेशात कोपऱ्याकोपऱ्यावर रखवालदार बसवणं कुठल्याही सरकारला शक्य नाही. प्रत्येक गटासोबत वाटाड्या सक्तीचा का, याचं पहिलं उत्तर इथेच आहे. तो रस्ता दाखवतो आणि लक्षही ठेवतो.

दगड

तासिलीचा दगड वालुकाश्म आहे. वाळूचेच थर दबून, जुळून झालेला. हे थर पन्नास कोटी वर्षांच्या आसपास जुने. तेव्हा उत्तर आफ्रिका आजच्या जागी नव्हती, ती दक्षिण ध्रुवाकडे सरकलेली होती. सुमारे साडेचव्वेचाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या हिमयुगात इथे बर्फाची जाड चादर होती, आणि ती पुढे सरकताना खालच्या थरांवर उठलेले समांतर ओरखडे पठारावर आजही दिसतात. १९६० च्या दशकात तेलाच्या शोधात आलेल्या फ्रेंच भूवैज्ञानिकांनी ते ओळखले. जगातल्या सर्वांत मोठ्या उष्ण वाळवंटात हिमनद्यांच्या खुणा सापडणं ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला थापच वाटते.

नंतर या थरांना उभ्या भेगा पडल्या. ओल्या काळात पावसाचं पाणी त्या भेगांत शिरलं आणि त्यांना रुंद करत गेलं. कोरड्या काळात वाऱ्याबरोबर येणाऱ्या वाळूने खांबांचे पायथे घासले. हा खेळ अनेकदा आलटून पालटून झाला. परिणाम असा की पठाराचे काही भाग म्हणजे उभ्या सुळक्यांची दाटी आहे, मधून गल्ल्या, चौक, बोळ. सेफारसारख्या ठिकाणी दोन वळणं घेतली की दिशा हरवते. वाटाड्याची दुसरी गरज इथे कळते.

पायथा घासला गेला की सुळक्याच्या बुडाशी छत पुढे आलेली कपार तयार होते. उन्हापावसापासून आडोसा. माणसं तिथेच राहिली आणि तिथल्याच भिंतींवर त्यांनी चित्रं काढली. वालुकाश्म सच्छिद्र असतो, रंग पिऊन घेतो, म्हणून गेरूची लाल आणि पांढऱ्या मातीची चित्रं इतका काळ टिकली. पण हाच सच्छिद्रपणा उलटतोही. भिंतीवर पाणी मारलं की ते आत शिरतं, आतले क्षार विरघळतात, आणि सुकताना ते पृष्ठभागावर येऊन रंगाचे पापुद्रे सोडवतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाऊस कुठून आला होता

तासिलीच्या भिंतींवर हत्ती आहेत, जिराफ, गेंडे, पाणघोडे आहेत. आता नामशेष झालेली लांब शिंगांची प्रचंड रानम्हैस आहे. आणि गाईंचे कळपच्या कळप. पाणघोड्याला वर्षभर पाणी लागतं. आज जिथे एखाद्या वर्षी पाऊस होतो आणि एखाद्या वर्षी होतच नाही, तिथे हे प्राणी काय करत होते?

उत्तर पृथ्वीच्या डुलण्यात आहे. फिरता भोवरा मंदावला की त्याची आस गोल डुलते, तशी पृथ्वीची आसही डुलते. फक्त या डुलण्याला हजारो वर्षं लागतात. त्यामुळे पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ कुठल्या ऋतूत येते, हे हळूहळू बदलत राहतं. हे चक्र साधारण २१ ते २३ हजार वर्षांचं आहे. सध्या आपण सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असतो, म्हणजे उत्तर गोलार्धातल्या हिवाळ्यात. सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी ही वेळ उत्तरेच्या उन्हाळ्यात येत होती. उन्हाळ्यात जमिनीला आजच्यापेक्षा सात-आठ टक्के जास्त ऊन मिळत होतं. जमीन जास्त तापली की तिच्यावरची हवा जास्त जोराने वर जाते आणि समुद्रावरची ओली हवा तिची जागा घ्यायला आत खेचली जाते. मोसमी पाऊस होतो तो याच यंत्रणेने. अटलांटिकवरून येणारा पश्चिम आफ्रिकेचा मोसमी पाऊस त्या काळी शेकडो किलोमीटर उत्तरेकडे सरकला आणि सहाराच्या पोटात शिरला.

पुढचं काम गवताने केलं. उघडी वाळू ऊन परत फेकते. हिरवी जमीन ते शोषते आणि बाष्प सोडते. म्हणजे पावसाने गवत आणलं आणि गवताने आणखी पाऊस. साधारण १५ हजार ते ५ हजार वर्षांपूर्वीच्या या काळात सहारात सरोवरं होती, नद्या होत्या. आजचं आक्रसलेलं चाड सरोवर तेव्हा जवळपास कॅस्पियन समुद्राएवढं पसरलेलं होतं. मग उन्हाळ्यातलं ऊन हळूहळू घटलं आणि तेच चक्र उलटं फिरलं: पाऊस कमी, म्हणून गवत कमी, म्हणून पाऊस आणखी कमी. हे सगळीकडे एकाच वेळी झालं नाही. डोंगराळ भागांत पाणी उशिरापर्यंत टिकलं, आणि तासिली हा डोंगराळ भाग आहे.

हा काही परक्यांचाच इतिहास नाही. आपला मान्सून याच नियमाने चालतो आणि त्या काळात तोही आजच्यापेक्षा जोरदार होता. अरबी समुद्राच्या तळातल्या गाळात त्याची नोंद आहे. थरच्या वाळवंटातल्या लूणकरणसर आणि डीडवाना इथल्या आज खारट, कोरड्या पडणाऱ्या सरोवरांतही त्या काळी चांगलं पाणी होतं.

भिंती

तासिलीत १५,००० हून अधिक चित्रं आणि कोरीव आकृत्या नोंदल्या गेल्या आहेत. युनेस्कोच्या वर्णनानुसार त्यांचा काळ इसवी सनपूर्व ६००० पासून इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांपर्यंतचा. अभ्यासक त्यांचे ढोबळ टप्पे पाडतात. सर्वांत जुन्यांत मोठ्या रानटी जनावरांची कोरीव कामं. मग ‘गोल डोक्यांची’ चित्रं: चेहऱ्यावर नाकडोळे नसलेल्या, तरंगल्यासारख्या वाटणाऱ्या मोठ्या आकृत्या. मग गुराख्यांचा काळ, ज्यात गाईंचे रंग, शिंगांचे आकार, झोपड्या, बायकांचे केस हे सगळं इतक्या बारकाईने येतं की चित्रकाराने आपली गुरं ओळखून काढली असावीत असं वाटत राहतं. त्यानंतर घोडे आणि रथ, साधारण तीन हजार वर्षांपूर्वीचे. शेवटी उंट, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून. हत्ती, गाय, घोडा, उंट: या क्रमातच प्रदेश सुकत गेल्याची कहाणी आहे.

टप्प्यांचा क्रम बऱ्यापैकी मान्य आहे. नेमकी वर्षं मात्र वादात आहेत, विशेषतः गोल डोक्यांच्या चित्रांची. गेरू हे खनिज आहे, त्याचं वय कार्बन पद्धतीने काढता येत नाही. म्हणून कुणी छातीठोकपणे एखाद्या चित्राचं वय सांगितलं तर ऐकून घ्या, वहीत उतरवू नका. गुराख्यांच्या काळाला मात्र बाहेरून चांगला आधार आहे. सीमेपलीकडे, लिबियातल्या तद्रार्त अकाकूस डोंगरातल्या ताकारकोरी इथे सापडलेल्या खापरांत दुधाची स्निग्ध द्रव्यं सापडली, सुमारे ७,००० वर्षांपूर्वीची. म्हणजे भिंतीवरच्या गाई नुसत्या हौसेच्या नव्हत्या, त्यांचं दूध काढून ते मडक्यात तापवलं किंवा विरजलं जात होतं.

आपल्या कोकणातल्या सड्यांवरच्या कातळशिल्पांतही आज तिथे नसलेला गेंडा दिसतो. ती २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. उघड्यावरच्या अशा वारशाला कुंपण घालून भागत नाही, हे कोडं दोन्हीकडे सारखंच.

आता पाण्याची गोष्ट. तासिलीची चित्रं बाहेरच्या जगाला ठाऊक झाली ती १९३० च्या दशकात, फ्रेंच लष्करातल्या ब्रेनां या अधिकाऱ्यामुळे. पण जगभर गाजावाजा झाला १९५६-५७ मध्ये. आंरी लोत हे फ्रेंच संशोधक चित्रकारांची तुकडी घेऊन आले आणि त्यांनी शेकडो चित्रांच्या नकला उतरवल्या. पॅरिसमध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं, लोक वेडे झाले. हे सगळं अल्जीरियाचं स्वातंत्र्ययुद्ध ऐन भरात असताना चाललं होतं, ही बाब गौरवगाथांत सहसा येत नाही. लोतना या कपारींपर्यंत नेणारा, सहारातल्या तुआरेग जमातीचा वाटाड्या जेब्रीन अग मोहम्मद हाही तळटिपेतच राहिला.

नकला उतरवण्यासाठी या तुकडीने चित्रं ओल्या स्पंजने पुसली. धूळ गेली, रंग क्षणभर उजळले. आणि मग सच्छिद्र दगडाने आपलं काम केलं. पुढच्या दशकांत छायाचित्र उठावदार यावं म्हणून पर्यटकांनीही बाटलीतलं पाणी भिंतींवर मारलं. लोतच्या नकलांत दिसणारे रंग आणि आज भिंतीवर दिसणारे रंग यांत मोठा फरक पडला आहे. भरीस भर म्हणजे त्यांच्या संग्रहातली काही इजिप्शियन धाटणीची चित्रं नंतर बनावट ठरली. तुकडीतल्याच चित्रकारांनी केलेली चेष्टा. शिवाय जब्बारेन इथल्या एका प्रचंड गोल डोक्याच्या आकृतीला लोतनी थट्टेत मंगळावरचा देव म्हटलं, आणि परग्रहवासी इथे उतरले होते असं मानणाऱ्यांना कायमचा खुराक मिळाला. आंतरजालावर तासिली शोधलं तर अजूनही पहिल्यांदा तेच पुढे येतं. चिडचिड होते.

दगड उचलू नका या नियमाचं कारणही असंच ठोस आहे. वाळवंटात वारा वाळू उडवून नेतो आणि हजारो वर्षांपूर्वीची बाणांची टोकं, जाती, खापरं जमिनीवर उघडी पडतात. खणावं लागत नाही. पण उत्खननात थर असतात, त्यावरून वय कळतं. इथे थर उडून गेलेले असल्याने वस्तू कुठे, कशाच्या शेजारी पडली आहे एवढीच माहिती उरलेली असते. ती खिशात टाकली की उरते नुसती गारगोटी. २००४ साली काही जर्मन पर्यटकांना असेच अवशेष गोळा करून नेताना पकडलं गेलं आणि शिक्षाही झाली.

पठार चढायची ताकद किंवा वेळ नसेल तरी एक कोरीव काम बघता येतं. जानेतपासून जवळ, तेघरघर्त इथे एका एकट्या खडकावर पाणी पिण्यासाठी मान वाकवलेल्या गाई खोलवर कोरल्या आहेत. त्यांच्या डोळ्यांखाली थेंबासारखा आकार आहे, म्हणून या कोरीव कामाला ‘रडणारी गाय’ म्हणतात. पाणी आटलं म्हणून गाई रडल्या, अशी कथा वाटाडे सांगतात. कथा कितपत जुनी असेल कोण जाणे, पण रेषा मात्र थक्क करणारी आहे: एका ओढीत गळ्याची पोळी, एका ओढीत शिंग. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात जा. दुपारी कोरीव रेषांत सावली पडत नाही आणि दगड सपाट दिसतो.

आई नसलेलं झाड

लाकूड तोडू नका, जाळू नका, या नियमाचं कारण म्हणजे तारूत. हा सहारातला सायप्रस (कोकणकिनाऱ्यावरचा सुरू नव्हे). जगात फक्त तासिलीवर रानात वाढणारा. २००१ च्या मोजणीत जिवंत झाडं भरली २३३. काही झाडांचं वय दोन हजार वर्षांहून अधिक असावं असा अंदाज आहे. हिरव्या सहाराच्या काळातून मागे राहिलेली ही माणसंच म्हणायची. तामरितच्या दरीत ती बघायला मिळतात: पिळवटलेलं खोड, अर्धं मेलेलं, अर्ध्याला हिरवी फांदी. जानेतच्या जुन्या घरांची दारं, तुळया याच लाकडाच्या आहेत, आणि सरपणासाठीही ती तोडली गेली.

या झाडाची सर्वांत विलक्षण गोष्ट २००१ साली उघड झाली. सर्वसाधारण झाडात बी तयार होतं ते परागातली निम्मी आणि बीजांडातली निम्मी जनुकं एकत्र येऊन. तारूतच्या परागात मात्र जनुकांचा पूर्ण संच असतो, आणि बी वाढतं ते एकट्या परागातूनच. मादी फळ फक्त जागा आणि पोषण पुरवतं. संशोधकांनी तारूतचा पराग भूमध्य समुद्राकाठच्या साध्या सायप्रसच्या फळात पोचवला, तेव्हा त्या बियांतून तारूतची रोपं उगवली. परक्या झाडाच्या पोटी अस्सल तारूत. झाडं इतकी विखुरलेली असताना वंश टिकवायचा हा एक मार्ग निघाला असावा, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. निसर्गात रोपं उगवणं मात्र जवळजवळ थांबलेलं आहे, कारण अंकुराला पुरेल एवढी ओल सलग मिळत नाही आणि मिळाली तर शेळ्या खातात. त्यामुळे एक फांदी मोडणं म्हणजे काय, ते तुम्हीच ठरवा. जबाबदार एजन्सी स्वयंपाकासाठी गॅस नेतात. ठरवताना तेवढं विचारा.

पाण्याचंही तसंच. खडकातल्या खोलगट कुंडांत पावसाचं पाणी साठतं, त्यांना गेल्ता म्हणतात. एसेंदिलेनच्या घळीत शेवटी असं कुंड आहे. इहेरिरच्या खोऱ्यात तर त्यांची मालिकाच आहे आणि २००१ पासून ते रामसर पाणथळ क्षेत्र आहे. सहारात पाणथळ! या कुंडांत मासे आहेत, ओल्या काळापासून अडकून राहिलेले. मगरीही होत्या; तासिलीतल्या शेवटच्या मगरींच्या नोंदी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आहेत, त्यानंतर बंदुकीने त्यांचा प्रश्न मिटवला. आजूबाजूची रानमेंढी, हरणं, आणि फार क्वचित दिसणारा सहारातला चित्ता (प्रौढ चित्ते जगात २५० पेक्षाही कमी असावेत) यांना हेच पाणी. पुढचा पाऊस येईपर्यंत कुंडात नवं पाणी येत नाही, म्हणून त्यात साबण लावून आंघोळ करायची नसते. कोरड्या हवेत काही कुजतही नाही: संत्र्याचं साल, टिश्यू पेपर, सगळं वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. जे नेलं ते परत आणायचं.

प्रत्यक्ष जायचं तर

व्हिसा आधी. २०२३ च्या जानेवारीपासून अल्जीरियाने दक्षिणेकडच्या वाळवंटात एजन्सीमार्फत येणाऱ्या पर्यटकांसाठी सोय केली आहे: एजन्सी आधी अर्ज करते, मंजुरीचा कागद येतो, आणि व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो. असले नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी एजन्सी आणि दिल्लीतला अल्जीरियाचा दूतावास अशा दोन्ही ठिकाणी खात्री करा. भारतातून आखात किंवा इस्तंबूलमार्गे अल्जिअर्स, आणि तिथून देशांतर्गत विमानाने जानेत. अल्जिअर्स ते जानेत रस्त्याने दोन हजार किलोमीटरहून जास्त आहे. तो विचार सोडून द्या. विमानांच्या वेळा बिघडतात, परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाआधी अल्जिअर्समध्ये एक मोकळा दिवस हवाच.

काळ नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळ्यात जानेतचा पारा चाळिशीकडे जातो. डिसेंबर-जानेवारीत दिवस छान असतात, पण पठारावर रात्री तापमान शून्याच्या आसपास येतं. वाळवंट म्हणून सुती कपडेच भरले तर रात्रभर कुडकुडाल. चांगली स्लीपिंग बॅग आणि कानटोपी न्या. दिनारची सोय देशाबाहेर होत नाही आणि कार्डाचा भरवसा नाही, म्हणून युरो रोख. ड्रोन विमानतळावरच जप्त होईल. सॅटेलाइट फोन आणि दुर्बीण यांवरही बंधनं आहेत, ते आधी विचारून घ्या.

सुरक्षेबद्दल गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. २००३ साली अल्जीरियाच्या सहारातून ३२ युरोपीय पर्यटकांचं अपहरण झालं. त्यातले बरेच जण वाटाड्याशिवाय, स्वतःच्या गाड्यांनी फिरत होते. एक महिला उन्हाने दगावली. २०१३ साली याच भागातल्या इलिझी प्रांतात, इन अमेनास इथल्या वायू प्रकल्पावर मोठा हल्ला झाला आणि पर्यटन जवळजवळ बंद पडलं. गेल्या काही वर्षांत ते पुन्हा उभं राहिलं आहे. तरी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये खुद्द जानेतमध्ये एका स्विस महिलेची हत्या झाली. म्हणून मार्ग आधी पोलिसांकडे नोंदवावा लागतो, काही ठिकाणी जेंदार्म (सशस्त्र पोलीस दलातले जवान) सोबत येतात आणि सीमेलगतचे पट्टे बंद असतात. वाटाड्याची सक्ती ही इथे जीवन-मरणाची बाब होते. कुटुंबाला घेऊन जाणार असाल तर त्या महिन्यातल्या परराष्ट्र खात्यांच्या सूचना वाचूनच ठरवा, जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबू नका.

दुसरा धोका लोकांना खरा वाटत नाही: पूर. दूरवर कुठेतरी पडलेल्या पावसाचं पाणी कोरड्या नदीपात्रातून भिंतीसारखं येतं. पात्रातली मऊ वाळू तंबूसाठी कितीही मोहात पाडो, वाटाड्या वर सरका म्हणाला की सरकायचं.

ही वाटाडे माणसं बहुतेक तुआरेग, केल अज्जेर या शाखेची. भाषा तामाहाक, शिवाय अरबी, आणि कामापुरती फ्रेंच. इंग्रजी जाणणारा वाटाड्या हवा असेल तर आधी सांगावं लागतं. तोंडावर पदर घेतात ते पुरुष, बायका नाही. फोटो काढण्यापूर्वी विचारा. चहा तीन वेळा येतो, प्रत्येक वेळी आधीपेक्षा गोड. पहिला घेऊन उठणं बरं दिसत नाही. जानेतमध्ये मोहरमच्या दहाव्या दिवशी सेबीबा हा उत्सव होतो. एल मिहान आणि अझेलुआझ या दोन वस्त्यांतले नर्तक आणि ढोल वाजवणाऱ्या बायका समोरासमोर येतात. २०१४ पासून तोही युनेस्कोच्या यादीत आहे, पण चांद्र पंचांगामुळे त्याची तारीख सरकत राहते आणि सध्या ती उन्हाळ्यात येते, म्हणून हिवाळ्यात जाणाऱ्याला तो सापडणार नाही.

शाकाहारी मंडळींचे हाल होत नाहीत. निखाऱ्यांखालच्या वाळूत भाजलेली तागेला नावाची जाड भाकरी कुस्करून त्यावर भाज्यांचा रस्सा घेतात. फक्त त्यात मांस नको हे निघण्याआधीच सांगा, कारण पठारावर दुसरं दुकान नाही. चिवडा, लाडू, लसणीची चटणी न्याच. ती वाटाड्यांनाही आवडते म्हणतात, पण तिखट जपून.

शेवटचा निर्णय पठार की तद्रार्त रूज, हा. पठारावर गाडी जात नाही. सामान गाढवांवर, आणि तुम्ही पायी, ताफिलालेतच्या खिंडीतून अर्धा दिवस चढून तामरितला. मग सेफारपर्यंत जाऊन येण्यात चार-पाच दिवस सहज जातात. उत्तम चित्रं वरच आहेत. तद्रार्त रूज हा दक्षिणेकडचा, लाल सुळक्यांचा आणि केशरी टेकड्यांचा भाग; तिथे चारचाकीने फिरतात, चालणं थोडं, रात्रीचे तळ वाळूवर. फोटो तिथले जास्त देखणे येतात आणि एजन्सी तोच दौरा आधी पुढे करतात. गुडघे बरे असतील आणि सुट्टी आठवड्याहून जास्त असेल तर आधी पठार मागा. गुडघे कुरकुरत असतील तर तद्रार्त, त्याला जोडून एक दिवस इहेरिर किंवा एसेंदिलेन, आणि जानेतला परतताना उन्हं तिरपी व्हायच्या वेळेला तेघरघर्त.